सव्वीस मिनिटं शिल्लक होती

मेडल घरात खिळ्याला लटकलंय. पण रेसमधली एक गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. गडमुडशिंगीच्या विहिरीपासून गोव्याच्या समुद्रापर्यंतच्या प्रवासाचा हा हिशेब. जमेचा आणि खर्चाचाही.

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर मी फिनिश लाईन ओलांडली तेव्हा माझी वेळ होती ८ तास ४ मिनिटं. मर्यादा साडेआठ तासांची. कुणीतरी गळ्यात मेडल घातलं, कुणीतरी हातात पाण्याची बाटली दिली आणि मी तिथंच बसकण मारली. मांड्या दगड झालेल्या, तोंडात मिठाची चव. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. डोक्यात एकच आकडा फिरत होता, सव्वीस. सव्वीस मिनिटं शिल्लक राहिली होती माझ्याकडं.

त्या सव्वीस मिनिटांचं काय, ते पुढं सांगते. आधी रेसबद्दल थोडं.

ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं, तिन्ही सलग. मध्ये विश्रांती नाही; कपडे-बूट बदलायचा वेळसुद्धा घड्याळात धरला जातो. 'आयर्नमॅन ७०.३' मध्ये १.९ किलोमीटर पोहायचं, ९० किलोमीटर सायकल मारायची आणि शेवटी २१.१ किलोमीटर पळायचं. तिन्हींची बेरीज ७०.३ मैल, म्हणून हे नाव. पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट. तो पहिल्यांदा झाला १९७८ साली हवाईत. पोहणारे फिट, सायकलवाले फिट की पळणारे फिट, असा वाद चालला होता. जॉन कॉलिन्स नावाच्या अमेरिकन नौदल अधिकाऱ्यानं तिन्ही एकत्र करून टाकलं. सुरुवातीला उभे होते १५ जण, पोहोचले १२. आपल्याकडं २०१५ मध्ये मिलिंद सोमणनं पन्नाशीत झुरिचचा आयर्नमॅन पूर्ण केला आणि हे नाव घराघरांत गेलं. गोव्यात ७०.३ सुरू झाली २०१९ पासून.

हेडलाईटच्या उजेडात

आता जमेची बाजू. ती जवळजवळ सगळी दादाच्या नावावर आहे.

पोहायला मला दादानंच शिकवलं, मळ्यातल्या विहिरीत. पाठीला रिकामा डबा बांधला, 'हात मार, हात मार' म्हणत आत ढकललं आणि लगेच मागनं स्वतःही उडी टाकली. पुढं राजाराम तलावावर सरावाला जायला लागले तेव्हा कळलं, पाण्याची भीती विहिरीतच संपली होती. फक्त श्वास कधी घ्यायचा तेवढं नव्यानं शिकायचं होतं.

सायकल खरी अवघड. कॉलेज आणि इंटर्नशिप सांभाळून सराव करायचा तर पहाटे साडेचारलाच निघायला हवं. हुपरी रोडवर त्या वेळी अंधार, कुत्री, आणि हंगामात उसानं भरलेल्या ट्रॉल्या. मागं लाईट नसलेली ट्रॉली अंधारात समोर आली की काय होतं, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. दादा एमआयडीसीत रात्रपाळी करतो. पाळी संपवून तो थेट रस्त्यावर यायचा आणि बाईकचा हेडलाईट माझ्या पुढच्या रस्त्यावर पडेल असा मागं राहायचा. वीसच्या स्पीडनं, दोन-दोन तास. एकदा म्हणाला, "बाईकला बी कळंना झालंय, चाललीय का थांबलीय." घरी आलं की तो झोपायचा आणि मी कॉलेजला पळायचे.

रेसची निम्मी फी त्यानं ओव्हरटाईममधून दिली. सायकल एका सिनियरनं वापरायला दिली. आईचा सुरुवातीला एकच प्रश्न, "एवढं पळून मिळतंय काय?" पण माझ्या खिशात शेंगदाण्याचा लाडू रोज असायचा. मित्रांचं तर काय, "नाद खुळा भावा!" एवढ्यावरच ट्रेनिंग झालं समजायचे.

रेसच्या दिवशी

समुद्र तलावासारखा नसतो. पहिल्याच लाटेनं नाकातोंडात पाणी गेलं. आजूबाजूला शेकडो हातपाय. कुणाची तरी टाच माझ्या गॉगलवर बसली. मनात म्हटलं, विहिरीत आहेस असं समज. ४७ मिनिटांत बाहेर आले. पोहण्यासाठी १ तास १० मिनिटं असतात, त्यामुळं जिवात जीव आला.

सायकलवर पहिली चूक केली. लाडू खिशात होता, पण आजूबाजूचे सगळे चकचकीत पाकिटातली जेल खात होते. मीही दोन घेऊन ठेवली होती, आयुष्यात पहिल्यांदा. ती खाल्ली आणि अर्ध्या तासात पोट ढवळायला लागलं. रेसच्या दिवशी नवीन काही करायचं नाही, हा पहिला नियम प्रत्येक नवखा वाचतो आणि मोडतो.

दुसरी गोष्ट घडली साठाव्या किलोमीटरच्या आसपास. एका चढावर एक काका सायकल हातात धरून चालत होते. मागचं चाक बसलेलं. मला बघून त्यांनी हात केला, "एक्स्ट्रा ट्यूब आहे का?"

माझ्याकडं दोन होत्या.

या रेसमध्ये बाहेरच्या माणसाची मदत घेता येत नाही. पण एका स्पर्धकानं दुसऱ्याला ट्यूब किंवा पंप देणं नियमात बसतं. हे मला माहीत होतं. तरी मी मान हलवली आणि पुढं गेले. खोटं बोलले असं म्हणता येणार नाही, कारण तोंडानं काही बोललेच नाही. थांबले तर चढावर पुन्हा निघता येणार नाही, वेळ जाईल, साडेआठ तास चुकतील... पायांच्या आधी डोकं पळत होतं.

ट्यूब नुसती देऊन निघायला एक मिनिट पुरलं असतं. बदलायला मदत केली असती तरी दहा. माझ्याकडं शेवटी सव्वीस उरली.

ते काका पोहोचले का, मला माहीत नाही. नंतर शोधावं म्हटलं, तर बिब नंबरही वाचलेला नव्हता.

घरी आल्यावर ब्राउनली भावांचा व्हिडिओ पुन्हा पाहिला. सप्टेंबर २०१६, मेक्सिकोतलं कोझुमेल, वर्ल्ड सिरीजची शेवटची रेस. जॉनी ब्राउनली पहिला होता. शेवटच्या काहीशे मीटरवर उन्हानं त्याचे पाय लटपटायला लागले. मागून आला सख्खा भाऊ ॲलिस्टर, दोनदा ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलेला. तो स्वतः जिंकू शकला असता. पण त्यानं जॉनीचा हात खांद्यावर घेतला, ओढत नेला आणि लाईनवर त्याला आपल्या पुढं ढकललं. जॉनी दुसरा, ॲलिस्टर तिसरा. रेसच्या आधी मी हाच व्हिडिओ स्टेटसला ठेवला होता!

येऊ नको म्हटलं

पळताना बाराव्या किलोमीटरला पोटरीत गोळा आला. चालले, थांबले, पुन्हा चालले. शेवटी तो लाडू खाल्ला. एका व्हॉलंटियर मुलीनं डोक्यावर गार पाणी ओतलं, बिबवरचं माझं नाव वाचलं आणि मी दिसेनाशी होईपर्यंत नावानं ओरडत राहिली. तिचं नाव मी विचारलं नाही. तिचेही आभार राहिलेच.

फिनिशला बाकीच्यांची माणसं होती. माझं कुणी नव्हतं, कारण दादा येतो म्हणाला तेव्हा मीच म्हटलं होतं, "राहू दे, दिवाळीच्या तोंडावर सुट्टी कशाला घालवतोस." तोंडावर काळजी होती, आत वेगळंच. रेस अर्धवट सुटली तर ती त्याच्यासमोर सुटायला नको होती. हेडलाईट धरायला तो चालला, हरताना बघायला नको. आणि त्यापायी जिंकतानाही त्याला बघता आलं नाही.

घरी पोहोचले तेव्हा वसुबारसेचा दिवस. आई चकल्या तळत होती. दादाला म्हटलं, "आलो बघ संपवून." त्यानं मेडल हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, "बाराव्या किलोमीटरला काय झालं होतं गं? लई वेळ गेला तिथं."

रात्रपाळी करून आल्यावर तो झोपलाच नव्हता. दिवसभर मोबाईलवर रेसच्या ॲपमध्ये माझे आकडे बघत बसला होता.

तुमच्यापैकी कुणाला हे करायचं असेल तर जरूर करा. एकदम ७०.३ नको, स्प्रिंट अंतरापासून सुरुवात करा. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळणं. उघड्या पाण्यात एकट्यानं उतरू नका आणि पहाटे सायकलला मागचा लाल लाईट लावल्याशिवाय निघू नका. आपलं खाणं सोबत ठेवा. आणि जो येतो म्हणतोय, त्याला येऊ द्या.

मी परत जाणार आहे. वेळ ८ तास ४ मिनिटांच्या आत यावी अशी इच्छा आहे, पण हट्ट नाही. खिशात या वेळीही दोन ट्यूब असतील, त्यातली एक दुसऱ्या कुणासाठी. आणि दादानं सुट्टी टाकायचं आत्ताच कबूल केलंय.