चुनखडीच्या अपघटनातील वस्तुमान गणन

चुनखडी तीव्र तापवली असता तिच्यातील कॅल्शियम कार्बोनेटचे कॅल्शियम ऑक्साइड (कळीचा चुना) व कार्बन डायऑक्साइड यांत औष्णिक अपघटन होते. चुनाभट्टीत ही अभिक्रिया साधारणतः ९०० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानास घडवून आणतात. संतुलित समीकरण व रेणुवस्तुमाने यांच्या आधारे उत्पादितांचे वस्तुमान आधीच काढता येते.

इतिहास

भाजल्यावर चुनखडी हलकी होते. ही घट निसटलेल्या वायूमुळे होते, हे स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. १७५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी या वायूला ‘स्थिर वायू’ म्हटले. तोच कार्बन डायऑक्साइड होय.

गणनाची पद्धत

कॅल्शियम कार्बोनेट → कॅल्शियम ऑक्साइड + कार्बन डायऑक्साइड

कॅल्शियम, कार्बन व ऑक्सिजन यांची अणुवस्तुमाने अनुक्रमे ४०, १२ व १६ धरल्यास वरील पदार्थांची रेणुवस्तुमाने अनुक्रमे १००, ५६ व ४४ येतात. एका मोलपासून प्रत्येक उत्पादिताचा एक मोल मिळतो. म्हणून १०० ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटपासून ५६ ग्रॅम चुना व ४४ ग्रॅम वायू मिळतो. दोहोंची बेरीज मूळ वस्तुमानाइतकीच असते. हा द्रव्य अक्षय्यतेचा नियम होय.

उदाहरण

चुनखडीत ९० टक्के कॅल्शियम कार्बोनेट असून उरलेला भाग तापवल्याने बदलत नाही असे मानू. अशा २५० किलोग्रॅम चुनखडीचे पूर्ण अपघटन केल्यास:

कॅल्शियम कार्बोनेट: २५० × ०.९० = २२५ किलोग्रॅम
कॅल्शियम ऑक्साइड: २२५ × ०.५६ = १२६ किलोग्रॅम
कार्बन डायऑक्साइड: २२५ × ०.४४ = ९९ किलोग्रॅम

भट्टीत उरणारे घन द्रव्य मात्र १५१ किलोग्रॅम भरते, कारण २५ किलोग्रॅम अशुद्धी चुन्यातच राहते. उरलेले सर्व द्रव्य चुना समजणे ही अशा उदाहरणांतील नेहमीची चूक आहे.

उलट दिशेनेही गणन करता येते. १० ग्रॅम शुद्ध नमुना तापवून ७.८ ग्रॅम उरल्यास २.२ ग्रॅम वायू गेला, म्हणजे ५ ग्रॅम कार्बोनेटचेच अपघटन झाले. अभिक्रिया निम्मीच पूर्ण झाली आहे.

महत्त्व

एक टन शुद्ध कळीचा चुना तयार होताना केवळ अपघटनातून सुमारे ७८६ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. इंधनाच्या ज्वलनातून निघणारा वायू याहून वेगळा असतो. भट्टीचे इंधन बदलले तरी अपघटनाचा हा वायू टळत नाही. सिमेंटनिर्मितीतही हीच अभिक्रिया घडत असल्याने त्या उद्योगाचे कार्बन उत्सर्जन घटवणे कठीण ठरते.