विहिरीतली न दिसणारी रेषा

चिखली तालुक्यातलं उंद्री असो की बुलडाणा जिल्ह्यातलं दुसरं एखादं गाव, इथली विहीर काळ्या पाषाणात खोल उतरलेली असते. पाऊसकाळ चांगला झाला की ती भरते, आणि पोरं पाठीला रिकामा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून तिच्यात पोहायला शिकतात. पोहणं जमलं की पुढची पैज ठरलेली: तळ गाठायचा आणि मूठभर गाळ वर आणून दाखवायचा.

तळाला जाणाऱ्यांना एक गोष्ट अंगानं कळलेली असते. सुरुवातीला पाणी खाली जाऊच देत नाही, हातपाय मारून स्वतःला रेटावं लागतं. मग मध्येच कुठंतरी तो विरोध संपतो आणि शरीर आपसूक खाली निघतं. माणूस तोच, पाणीही तेच. मग बदललं काय?

बदलली ती आपण अडवलेली जागा. वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतक्या जोरानं पाणी तिला वर ढकलतं. समजा, 60 किलोचा माणूस छाती भरून श्वास घेतो. फुप्फुसात 6 लिटर हवा आणि सगळं मिळून शरीर 62 लिटरचं. तेवढ्या पाण्याचं वजन 62 किलो, म्हणून तो तरंगतो.

आता तो खाली जातो. दर 10 मीटरला पाणी आणखी एका वातावरणाइतका दाब अंगावर घालतं. हाडं, मांस, रक्त याला दाद देत नाहीत. हवा मात्र लगेच आक्रसते. 5 मीटरवर 6 लिटरची 4 लिटर होते. शरीर 60 लिटर, वजन 60 किलो: माणूस ना वर, ना खाली. 10 मीटरवर हवा 3 लिटर, शरीर 59 लिटर. आता तो बुडणारी वस्तू झाला, वजन एका ग्रॅमनंही न वाढता! तरंगणं आणि बुडणं यांच्यामधली ही रेषा प्रत्येकाची वेगळी. अंगात चरबी जास्त असेल तर ती खाली सरकते, काटक माणसाची वरच लागते. आणि ती ओलांडली की जितकं खाली जावं तितकी हवा आणखी दबते, म्हणजे बुडणं आणखी सोपं होतं. वर येताना मात्र दमलेल्या अंगाला सुरुवातीची चढण स्वतःच्या बळावर चढावी लागते. खोल विहिरीतली पैज जिवावर बेतते, त्यामागे हेही एक कारण आहे.

या सगळ्यात पाणी किती दबतं? 10 मीटरवर लिटरमागे जेमतेम एक थेंब. हवा निम्मी होते आणि पाणी थेंबभर हटतं, या तफावतीतच सगळी गंमत आहे. घरी पाहायची तर प्लास्टिकच्या बाटलीत काठोकाठ पाणी भरा, औषधाचा ड्रॉपर थोडं पाणी ओढून असा सोडा की तो कसाबसा तरंगेल, आणि झाकण घट्ट लावा. बाटली दाबली की ड्रॉपर खाली जातो, सोडली की वर येतो. दाबताना ड्रॉपरमधल्या हवेच्या जागी पाणी चढताना दिसतं; तेवढ्यासाठी तरी काचेचा ड्रॉपर घ्यावा.

मग हवा जवळ बाळगूनही न दबणारं काही आहे का? आहे, आणि ते याच जिल्ह्यात, लोणारच्या खाऱ्या सरोवरात सापडतं. तिथं वाढणाऱ्या स्पिरुलिना या सूक्ष्म जिवाच्या पेशींत वायूनं भरलेल्या अतिसूक्ष्म नळ्या असतात. त्यांची प्रथिनांची भिंत इतकी ताठ की बाहेरचा दाब वाढला तरी आकार टिकतो. फुप्फुस हळूहळू आक्रसतं. या नळ्या मुळीच आक्रसत नाहीत, सोसवेना झालं की एकदम कोलमडतात.

हाइनरिख क्लेबान या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं 1895 मध्ये अशाच तरंगत्या, स्पिरुलिनाच्या गोतातल्या जिवांनी हिरवं झालेलं पाणी बाटलीत भरलं, बूच लावलं आणि बुचावर हातोडा मारला. दाबाच्या त्या एका धक्क्यानं आतल्या नळ्या मोडल्या आणि तरंगणारा हिरवा थर तळाला जाऊ लागला. असे जीव मरत मात्र नाहीत. ते नव्या नळ्या बांधतात आणि पुन्हा वर येतात.