दिवस भरण्याआधी कळा : पोटातले बाळही जंतूंशी झुंजते

सातव्या-आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या, की वस्तीत दोन गोष्टी ऐकू येतात. 'हिने जड हंडा उचलला असेल' किंवा 'कुणाची तरी नजर लागली.' तथागतांनी आपल्याला प्रत्येक गोष्टीचे कारण शोधायला शिकवले. आज आपण अशा बाळंतपणामागचे एक खरे कारण समजून घेऊ.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधीच्या बाळंतपणाला मुदतपूर्व प्रसूती म्हणतात. तिची कारणे अनेक आहेत, त्यांतले एक मोठे कारण म्हणजे जंतुसंसर्ग. योनिमार्गातले जंतू वर चढतात आणि गर्भजलात शिरतात. आईला ताप येतोच असे नाही. पुष्कळदा फक्त कळा येतात.

बाळ गर्भजल गिळते, त्याच्या फुप्फुसातही ते जाते. त्यामुळे जंतूंशी त्याची गाठ पडते आणि त्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी लढायला उठतात. १९९८ मध्ये संशोधकांनी पोटातल्या बाळांच्या रक्तात इंटरल्युकिन-६ हे दाह दाखवणारे द्रव्य मोजले. ज्यांच्यात ते जास्त होते, ती बाळे लवकर जन्मली आणि जास्त आजारी पडली. लढाई बाळाला वाचवण्यासाठीच असते, पण तिची झळ कोवळ्या मेंदूला आणि फुप्फुसांना लागू शकते.

म्हणून 'कळा थांबवा, घरी न्या' असा आग्रह आपण धरू नये. गर्भजलात जंतू पसरले असतील, तर बाळ बाहेर येणेच त्याच्या हिताचे ठरते. संसर्गाचे लक्षण नसेल, तर डॉक्टर कळा एक-दोन दिवस लांबवू शकतात. तेवढ्या वेळात बाळाची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून आईला डेक्सामेथासोनचे इंजेक्शन देतात. गरजेप्रमाणे अँटिबायोटिकही देतात. हे उपचार वेळेत पोहोचलेल्या आईलाच मिळतात.

दिवस भरण्याआधी राहून राहून पोट कडक होणे, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणे, वास येणारा स्राव, ताप, बाळाची हालचाल कमी होणे, यांतले एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. पाणी कधी गेले, ताप होता का, हे बाळाच्या डॉक्टरांनाही सांगा. गरोदरपणात लघवीला जळजळ झाली, तर लाजू नका, आशाताईंना सांगून तपासणी करून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी होते.

सरकारी रुग्णालयात बाळंतपण आणि आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत. हा आपला हक्क आहे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. आईची काळजी ही एकट्या घराची नसून समाजाचीही जबाबदारी आहे. आपल्या गल्लीतल्या गरोदर लेकीसुनांना दोष देण्याआधी त्यांना दवाखान्यात नेऊ या.