खोक्यावरचे 10 आठवडे

ई-रीडरच्या जाहिरातीत बॅटरी 10 आठवडे चालते असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. वाचायचा तो त्याखालचा बारीक मजकूर. रोज अर्धा तास वाचन, वाय-फाय बंद, दिवा मध्यम, असा त्या 10 आठवड्यांचा हिशेब असतो. म्हणजे सगळे मिळून 35 तास. शहरातल्या माणसाला याने काही फरक पडत नाही, प्लग हाताशी असतो. पण माझा भाचा तोफखान्यात आहे. त्याची तुकडी लडाखकडे निघाली होती आणि तिथे वीज म्हणजे जनरेटर चालेल तेवढा वेळ. त्यातही रेडिओ सेट आधी, मग फोन, मग बाकीचं. बर्फाने वाट बंद झाली की माणूस दिवसाला चार तास सहज वाचतो. मग ते 35 तास जेमतेम नऊ दिवस पुरतात.

तरीही मी ई-रीडरच घ्यायचं ठरवलं. त्याच्या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांतल्या पारदर्शक द्रवात काळे आणि पांढरे कण तरंगतात. विद्युतभार बदलला की एका रंगाचे कण वर येतात, दुसऱ्या रंगाचे खाली जातात. एकदा अक्षर उमटलं की ते टिकवायला वीज लागत नाही; ती लागते पान उलटताना आणि दिवा लावला तर. शिवाय डोळे दिपवणाऱ्या उन्हात फोनचा पडदा दिसेनासा होतो, तिथे हा पडदा जास्तच स्पष्ट दिसतो, कारण तो बाहेरच्या उजेडावरच वाचला जातो.

थंडी मात्र त्या द्रवालाही सोडत नाही. या यंत्रांसाठी साधारण 0 ते 35 अंश सेल्सिअस एवढंच तापमान सांगितलेलं असतं. हिवाळ्यातल्या लडाखचं काय करायचं? माझ्याकडचा जुना ई-रीडर प्लास्टिकच्या घट्ट बंद पिशवीत घालून मी फ्रीझरमध्ये ठेवला. बाहेर काढल्यावर पिशवीवरूनच बटण दाबलं. पान रेंगाळत उलटलं आणि आधीच्या पानातल्या ओळी नव्या पानाखाली पुसट दिसत राहिल्या. यंत्र खोलीइतकं उबदार होईपर्यंत पिशवी उघडली नाही, नाहीतर हवेतलं बाष्प आत जमलं असतं. नंतर सगळं पूर्ववत झालं. पडद्याची तक्रार तात्पुरती असते, बॅटरीचं दुखणं खोल. गारठ्यात ती कमी वीज देते, ते ऊब मिळाली की भरून निघतं. पण गोठलेल्या अवस्थेत चार्जिंगला लावली, तर आत लिथियम धातूचा थर बसतो आणि बॅटरी कायमची अधू होते.

"झोपताना हा स्लीपिंग बॅगेत घे. आणि बाहेरून आणल्या आणल्या चार्जरला लावू नकोस," मी त्याला सांगितलं.

"मावशी, फोन, पॉवर बँक, मोजे, सगळं तिथेच असतं आमचं. हा पण राहील," तो म्हणाला.

त्याच्या बाबांचं म्हणणं होतं, फोन आहेच की, त्यातच वाचेल. पण फोनला कॅमेरा आहे, माईक आहे, तो कुठे आहे हे त्याला स्वतःला कळतं. जुलै 2020मध्ये लष्कराने जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह 89 ॲप फोनवरून काढायला सांगितली, ती उगीच नाही. मी घेतलेल्या ई-रीडरला कॅमेरा नाही, माईक नाही. वाय-फाय आणि ब्लूटूथ आहे, ते विमान मोडवर टाकलं की बंद. एवढ्यावरही यंत्र तिथे चालेल का, हे दुकानदाराने किंवा मावशीने ठरवायचं नसतं. विकत घेण्याआधीच मी भाच्याला त्याच्या साहेबांना विचारायला लावलं. अमेरिकेच्या नौदलाने 2014 साली पाणबुड्यांसाठी खास ई-रीडर काढला, त्यात हाच विचार होता: 300 पुस्तकं आधीच भरलेली, इंटरनेट नाही, कॅमेरा नाही, बाहेरून काही घालायची सोयही नाही. ही कल्पना मला फार पटते. जाण्यापूर्वी सगळं भरून द्यायचं आणि मग त्या यंत्राने कुणाला काही विचारायचं नाही.

यंत्र निवडायला फार वेळ लागला नाही. 2021च्या पिढीचं ॲमेझॉनचं किंडल पेपरव्हाइट 205 ग्रॅमचं आहे, 'श्रीमान योगी'च्या हजारावर पानांच्या प्रतीपेक्षा कितीतरी हलकं, आणि ते यूएसबी-सीवर चार्ज होतं, म्हणजे फोनची केबल चालते. त्यावर आयपीएक्स8 असं लिहिलेलं असतं: 2 मीटर गोड्या पाण्यात तासभर टिकेल. त्यातल्या एक्सचा अर्थ धुळीची चाचणी या आकड्यात धरलेली नाही, म्हणून मिटणारं कव्हर वेगळं घेतलं. लोकरी हातमोज्यांतून त्याचा पडदा स्पर्श ओळखत नाही. पान उलटायला एक बोट उघडं ठेवावं लागतं.

खरं काम पुस्तकांचं. किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली ती डिसेंबर 2016मध्ये, पण भाच्याने मागितलेली सगळीच तिथे सापडत नाहीत. बुकगंगावरची ई-पुस्तकं त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात, ती या यंत्रात येत नाहीत. ई साहित्य प्रतिष्ठानची मोफत पुस्तकं पीडीएफ असतात. लहान पडद्यावर पान तसंच्या तसं आकसतं आणि वाचणाऱ्याचे डोळे दुखतात. विकिस्रोतावरून ईपब उतरवता येतं, त्यात अक्षर हवं तेवढं मोठं होतं. स्वामित्वहक्क संपलेल्या साने गुरुजींची आणि हरिभाऊ आपट्यांची पुस्तकं अशी शोधता येतात. प्रत्येक फाईल उघडून मी 'दऱ्या', 'पुष्कळ', 'त्र्यंबक' असे शब्द नजरेखालून घातले, कारण जोडाक्षरं फुटली की दोन पानांत वाचणारा पुस्तक मिटतो.

विकत घेतलेल्या पुस्तकांची गोष्ट निराळी. संगणकावर उतरवून केबलने यंत्रात टाकायची सोय ॲमेझॉनने फेब्रुवारी 2025मध्ये काढून घेतली. आता ती वाय-फायवरच येतात, तेव्हा घरातून निघण्याआधीच सगळी उतरवायची, नंतर वाय-फाय बंद करून एकेक उघडून बघायचं. नुसतं मुखपृष्ठ दिसतं म्हणजे पुस्तक आत आलंच असं नाही. आणि भाच्याला बजावलं: यंत्र अडलं तरी ते मूळ स्थितीत आणायचं बटण तिथे दाबू नकोस. नेटशिवाय पुस्तकं परत येणार नाहीत.

यादी मी केली होती, त्याने ती बदलली. युद्धावरची पुस्तकं जवळजवळ सगळी काढायला लावली. "ते रोजचंच आहे," म्हणाला. त्याऐवजी रहस्यकथा, प्रवासवर्णनं, शेतीची दोन. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सैनिकांना खिशात मावतील अशी सुमारे 12 कोटी पुस्तकं फुकट वाटली, 1943 ते 1947. त्यांत काउबॉयच्या कथा होत्या, विनोद होता, कविता होत्या. सैनिकाला काय वाचावंसं वाटेल ते आपण घरी बसून ठरवू नये, एवढं त्या यादीवरून नक्की दिसतं.

"हिंदी पण टाक थोडं," तो शेवटी म्हणाला. "शेजारच्या खाटेवर गढवालचा आहे, तोही वाचेल." मग प्रेमचंदांच्या कथा घातल्या. यंत्र दोघातिघांच्या हातांत फिरणार म्हणून पासवर्ड ठेवला नाही, आणि खात्याला जोडलेलं बँकेचं कार्ड काढून टाकलं.