चारही चाकं ओढतात, पण थांबवतो टायर

बेळगावहून खानापूरच्या दिशेनं निघालं आणि उद्यमबाग मागे पडली की पिरनवाडीला रस्ता फुटतो. सरळ गेलं तर मच्छे, खानापूर, लोंढा आणि पुढं अनमोड घाट. उजवीकडं वळलं तर किणये, जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाट. दोन्ही वाटा गोव्यात उतरतात आणि दोन्हींवर जून ते सप्टेंबर पाऊस कोसळत असतो. मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीचा परिसर तर कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या टापूंपैकी एक.

या वाटांवर फोर बाय फोर गाड्या आता बऱ्याच दिसतात. जुन्या जीप आणि जिप्सी होत्याच. ऑक्टोबर 2020 मध्ये नवी थार आली, जून 2023 मध्ये जिम्नी आली, फॉर्च्युनर आधीपासून होतीच. गाड्यांबरोबर टायरांविषयीची चर्चाही वाढली. पंक्चरच्या दुकानात, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवाबाहेर गाड्या लावून उभ्या राहिलेल्या मंडळींत हाच विषय निघतो. त्यात जे ठामपणे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं चुकीचं असतं. सपाट रस्त्यावर अशी चूक खपून जाते, घाटात खपत नाही. म्हणून हे जरा सविस्तर.

“टायरवर ऑल सीझन लिहिलंय, म्हणजे कुठंही घाला”

सगळ्यात पसरलेला गैरसमज हाच. सीझन म्हणजे हवामान आणि टेरेन म्हणजे जमीन, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑल सीझन टायर जन्माला आला तो बर्फ पडणाऱ्या देशांसाठी. तिथं उन्हाळ्याचे टायर वेगळे आणि हिवाळ्याचे वेगळे, आणि वर्षातून दोनदा ते बदलायचे. हा खटाटोप वाचावा म्हणून अमेरिकेत गुडइयरनं 1977 मध्ये ‘टिएम्पो’ नावाचा ऑल सीझन रेडियल बाजारात आणला. उन्हाळी टायरचं रबर साधारण 7 अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागतं आणि त्याची पकड कमी होते. ऑल सीझन टायरचं रबर थंडीत त्यापेक्षा मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीत बारीक चिरा असतात. त्या बदल्यात तो कडक उन्हात उन्हाळी टायरइतका चांगला नसतो आणि खऱ्या बर्फात हिवाळी टायरइतका चांगला नसतो.

आता बेळगावचा विचार करा. डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेला आपण कुडकुडतो, पण पारा सहसा 10 अंशांच्या आसपासच थांबतो. रबर कडक होण्याची वेळ आपल्याकडं जवळजवळ येतच नाही. म्हणजे ऑल सीझन टायरचा जो मुख्य गुण, त्याचा इथं फारसा उपयोग नाही. आपल्याला टायर लागतो तो एप्रिलचं तापलेलं डांबर आणि जुलैचं वाहतं पाणी या दोन्हींसाठी.

टायरच्या बाजूवर ‘एम+एस’ ही अक्षरं असली की “चिखलातसुद्धा चालतो” असं विक्रेता सांगतो. अक्षरांचा अर्थ चिखल आणि बर्फ असाच आहे, पण ती छापण्यासाठी पकडीची कोणतीही कसोटी पार करावी लागत नाही. नक्षीची ठेवण तशी आहे, एवढाच तो कंपनीचा दावा. कसोटी पार केल्याची खूण निराळी असते: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. जर्मनीनं 1 ऑक्टोबर 2024 पासून हिवाळी परिस्थितीत केवळ ‘एम+एस’वाले टायर ग्राह्य धरणं बंद केलं आणि डोंगर-हिमकणाची खूण असलेलेच टायर मान्य केले. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर कायद्यानंच लागतात. तिकडं राहणारी आपली मुलं-पुतणे फोनवर टायरांविषयी जे सांगतात, ते तिथल्या हवेला लागू आहे. ते जसंच्या तसं जांबोटीच्या रस्त्यावर आणू नये.

जमिनीप्रमाणे टायरचे आपल्याकडं तीन प्रकार चालतात. एचटी म्हणजे डांबरी रस्त्याचा, एटी म्हणजे अर्धा डांबरी अर्धा कच्चा, आणि एमटी म्हणजे चिखलाचा. जिम्नीला कंपनीकडून एचटी येतात. थारच्या वरच्या प्रकाराला ऑल टेरेन टायर कंपनीच बसवून देते. एटीची अक्षरं पाहून पुष्कळजण त्यालाच ऑल सीझन म्हणतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

चिखलही सगळीकडं सारखा नसतो. खानापूर तालुक्यातली तांबडी, खडीमिश्रित माती एटी टायरला बरीच मानवते. निपाणीकडची काळी माती निराळी. ती नक्षीत चिकटून बसते आणि दोन-चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत होऊन जातो. तिथं एटीसुद्धा थोड्याच वेळात हतबल होतो. रुंद खाचांचा एमटी टायर फिरताना माती बाहेर फेकतो, म्हणून तो पुढं जातो. तंबाखूच्या किंवा उसाच्या रानात भर पावसात रोज गाडी घालायची असेल, तरच त्याचा विचार करावा.

“फोर बाय फोर आहे की, ब्रेक चांगलाच लागणार”

हा समज सर्वांत धोकादायक आहे, आणि हा लेख लिहिण्याचं खरं कारणही तेच. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळते ती गाडी पुढं ओढण्यासाठी. चढावर, चिखलात, वाळूत तिचा फरक लगेच जाणवतो. पण ब्रेक साध्या मारुतीलाही चारही चाकांना असतात. ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबेल हे ठरतं टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणावर. त्यात फोर बाय फोरचा वाटा जवळजवळ शून्य. उलट या गाड्या जड आणि उंच असतात, त्यामुळं वळणावर त्या जास्त कलतात.

ढोबळ हिशेब करून पाहा. कोरड्या डांबरावर ताशी 60 किलोमीटरच्या वेगानं ब्रेक दाबला तर चांगल्या टायरची गाडी सुमारे 18 मीटरमध्ये थांबते. ओल्या डांबरावर तेच अंतर 28 मीटरच्या घरात जातं. शंभराला सहा असा उतार असेल तर 32 मीटर. आणि समोर म्हैस दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात आणखी 16-17 मीटर मिळवा. वेग 80 वर गेला की ओल्या सपाट रस्त्यावर नुसत्या ब्रेकलाच 50 मीटर लागतात. टायर झिजलेला असेल तर हे सगळे आकडे वाढतात. निपाणीजवळ तवंदी घाट उतरताना महामार्ग मोकळा दिसला की 80 चा वेग कुणालाच जास्त वाटत नाही.

ओला रस्ताही रोज एकसारखा नसतो. वळवाच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल आणि धूळ यांचं मिश्रण तयार होतं आणि पहिली काही मिनिटं सगळ्यात निसरडी असतात. ऊस तोडणीच्या दिवसांत पाऊस नसतानाही रानातून निघालेल्या ट्रॉल्यांच्या चाकांची माती डांबरावर पसरते. त्यावर पहाटेचं दव पडलं की साखर कारखान्याकडं जाणारा कोणताही रस्ता पावसाळ्यासारखाच समजावा.

“नक्षी जाड आणि टायर रुंद, तेवढी पकड जास्त”

बेळगाव हे लष्करी ठाण्याचं शहर, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथंच. मोठ्या बटणांच्या टायरांचे लष्करी ट्रक पाहत इथली पोरं वाढतात आणि गाडी घेतली की तशीच नक्षी हवी असते. ते टायर रस्ता नसलेल्या जागेसाठी आहेत. डांबरावर पकड मिळते ती रबराचा जितका भाग रस्त्याला टेकतो त्यातून आणि त्या रबराच्या जातीतून. बटणांमधल्या मोठ्या रिकाम्या जागांमुळं टेकणारं रबर कमी होतं, आणि ब्रेक दाबताना उंच बटणं वाकतात. म्हणून ओल्या डांबरावर एमटी टायरची गाडी त्याच मापाच्या चांगल्या एचटीपेक्षा साधारणपणे उशिरा थांबते. एटी या दोन्हींच्या मधे कुठंतरी. शिवाय आवाज वाढतो आणि डिझेलही जास्त लागतं.

ओल्या रस्त्यावर नक्षीचं मुख्य काम पाणी बाजूला सारणं. रस्त्यावर 3 मिलिमीटर पाणी असेल आणि गाडी ताशी 80 नं जात असेल, तर 20 सेंटिमीटर रुंदीच्या एका टायरला दर सेकंदाला सुमारे 13 लिटर पाणी हटवावं लागतं. म्हणजे सेकंदाला एक कळशी, आणि तीही एकाच चाकाला. टायर रुंद केला की हटवायचं पाणी वाढतं. थारच्या 255 मिलिमीटर टायरला तेच 17 लिटर. पाणी हटलं नाही की टायर पाण्यावर तरंगतो, स्टेअरिंग एकदम हलकं होतं आणि मग ब्रेक किंवा फोर बाय फोर काहीच कामाला येत नाही.

कंपनीपेक्षा मोठं माप बसवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. जिम्नीच्या 195/80 आर15 च्या जागी 235/75 आर15 घातला तर चाकाचा व्यास जवळजवळ 6 टक्क्यांनी वाढतो. काटा मुळात अचूक धरला, तर तो 80 दाखवत असताना गाडी खरं म्हणजे 84-85 नं पळत असते. ब्रेकवरचा भारही वाढतो.

“पावसात हवा थोडी कमी ठेवावी”

वाळूत किंवा दलदलीत अडकल्यावर हवा कमी करणं बरोबर आहे. टायर पसरतो आणि गाडी निघते. हा अनुभव खरा असल्यामुळंच तो चुकीच्या जागी वापरला जातो. डांबरावरच्या पाण्यात परिणाम नेमका उलटा होतो. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या नासाच्या संशोधकांनी विमानांच्या टायरांवर प्रयोग केले. त्यातून निघालेलं सूत्र सांगतं की पुरेसं पाणी साचलेल्या रस्त्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्या सूत्रानं 36 पीएसआय हवेला हा वेग ताशी 100 किलोमीटर येतो आणि 25 पीएसआयला 83. मोटारीच्या नक्षीदार टायरला हे आकडे तंतोतंत लागू नाहीत, पण दिशा तीच. हवा कमी केली की गाडी कमी वेगातच तरंगू लागते. दाराच्या चौकटीवर कंपनीनं जो आकडा चिकटवलेला असतो तोच पावसात ठेवावा, आणि तोही टायर थंड असताना मोजून.

नायट्रोजनबद्दल एवढंच पुरे की साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळाला तर भरा, पण हवा तपासायची सवय सोडू नका.

“सध्या दोनच टायर बदलू, दोन दिवाळीला”

पैशांची अडचण खरी असते, आणि हे टायर स्वस्त नाहीत. साध्या गाडीत दोन बदलायचे तर नवे टायर मागं घालावेत, कारण ओल्या वळणावर मागचा भाग घसरला तर सामान्य चालकाला गाडी सावरता येत नाही. बहुतेक लोक मात्र ते पुढं घालायला सांगतात.

फोर बाय फोरमध्ये आणखी एक अडचण आहे. थार, जिम्नी, जिप्सी यांत फोर-एच लावलं की पुढचा आणि मागचा आस एकमेकांशी घट्ट जोडला जातो. फरक सामावून घेणारं डिफरन्शियल त्यांच्यामध्ये नसतं. नवा टायर आणि 5 मिलिमीटर झिजलेला टायर यांच्या परिघात 31 मिलिमीटरचा फरक पडतो. थारच्या चाकाला किलोमीटरमागं साधारण 400 फेऱ्या होतात. त्यात झिजलेला टायर 5 फेऱ्या जास्त घेतो. चिखलात हा फरक चाक घसरून निघून जातो. डांबरावर तो निघायला जागाच नसते, आणि सगळा ताण ट्रान्सफर केस आणि शाफ्टवर येतो. म्हणून शक्यतो चारही टायर एकदम, एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे घ्यावेत, आणि दर 8-10 हजार किलोमीटरला त्यांची अदलाबदल करावी.

याच कारणानं कोरड्या डांबरावर फोर-एच लावून घाट उतरू नये. अरुंद वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. स्टेअरिंग जड होतं, गाडी अडखळते, आणि लोकांना ती पकड वाटते. उतारावर गिअर खाली घ्या आणि इंजिनाला गाडी धरू द्या. चोर्ल्याच्या वळणांवर ब्रेक थंड राहतात ते यामुळंच. मुसळधार पावसात, माती वाहून आलेल्या रस्त्यावर फोर-एच जरूर लावा. त्या वेळी इंजिनाचा रोध चारही चाकांत वाटला जातो, तेवढी मदत खरी आहे.

दुकानात गेल्यावर ऑल सीझन आहे का, हे विचारू नका. ओल्या रस्त्यावरची पकड कशी आहे ते विचारा. 2022 मध्ये केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत बदल करून ही कसोटी टायरांना लागू केली आहे. मग बाजूवरचे चार आकडे वाचा: 2319 असेल तर टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावा, स्टेपनीसकट.

कायद्यानं मोटारीच्या नक्षीची खोली किमान 1.6 मिलिमीटर हवी. ती मर्यादा घाटातल्या पावसासाठी फार कमी आहे. ज्यांची गाडी पिरनवाडीवरून चोर्ला किंवा अनमोडकडं नेहमी जाते, त्यांनी मृग लागायच्या आधी चारही टायरांची नक्षी मोजून घ्यावी आणि 3 मिलिमीटरच्या खाली असेल तर त्याच आठवड्यात टायर बदलावेत.