क्लचविना गिअर उतरवताना...

रविवारी पहाटे विरार फाट्यावरून अहमदाबादच्या दिशेने निघालेल्या मोटारसायकलींचे आवाज कान देऊन ऐकले, तर त्यांत दोन प्रकार सहज वेगळे काढता येतात. पुढे संथ चाललेला ट्रेलर दिसला की वेग उतरवताना गाडीचे इंजिन एक लहानसा हुंकार देते, क्षणभर थांबते आणि पुन्हा हुंकार देते. पहिल्या प्रकारच्या गाडीत या प्रत्येक हुंकारामागे चालकाच्या डाव्या हाताने दाबलेला क्लच आणि उजव्या मनगटाने दिलेली ‘रेस’ असते. दुसऱ्या प्रकारच्या गाडीतही हुंकार तोच. पण चालकाचा डावा हात मुठीवर स्वस्थ असतो. त्याने केवळ पायाने गिअर दाबलेला असतो. रेस दिली ती गाडीतल्या संगणकाने.

क्लच न दाबता गिअर बदलण्याच्या या सोयीची दोन अंगे आहेत. वरचा गिअर टाकताना उपयोगी पडतो तो ‘क्विकशिफ्टर’ आणि खालचा गिअर टाकताना आपोआप रेस देतो तो ‘ऑटो-ब्लिपर’. एकेकाळी शर्यतीच्या गाड्यांपुरती असलेली ही दुहेरी सोय बीएमडब्ल्यूने २०१५ च्या एस १००० आरआर या रस्त्यावरच्या गाडीसाठी उपलब्ध करून दिली. यामाहाच्या आर१ ला ती २०१८ मध्ये मिळाली. भारतात ती मध्यम किमतीच्या गाड्यांपर्यंत येण्यास फार काळ लागला नाही. पुणे जिल्ह्यातील चाकण येथे तयार होणाऱ्या केटीएम ३९० अॅडव्हेंचरमध्ये ती २०२० मध्येच आली. टीव्हीएसने २०२३ मध्ये अपाचे आरटीआर ३१० सोबत ती देऊ केली. शेजाऱ्याच्या नव्या गाडीत ही गंमत पाहिल्यावर आपल्या चार-पाच वर्षे जुन्या गाडीलाही ती बाहेरून बसवून घ्यावी, असे कुणाला वाटले तर त्यात नवल नाही. बाजारात असे संच मिळतात. प्रश्न आहे तो ते बसवताना आपण नेमके काय बदलतो, हे मालकाला ठाऊक असते काय, हा.

त्यासाठी गिअरबॉक्सच्या आत डोकवावे लागेल. मोटारसायकलीच्या गिअरबॉक्समध्ये सगळ्या गिअरच्या जोड्या कायमच एकमेकींत गुंतलेल्या असतात. गिअर बदलतो म्हणजे चाकांच्या बाजूला असलेले ठोकळ्यांसारखे जाड दाते, ज्यांना ‘डॉग’ म्हणतात, ते एका गिअरच्या खाचेतून सुटून दुसऱ्याच्या खाचेत जाऊन बसतात. इंजिन जोर लावत असते तेव्हा हे दाते खाचेच्या भिंतीवर घट्ट दाबलेले असतात आणि पायाने कितीही रेटले तरी सहज सुटत नाहीत. क्लच दाबला की हा दाब नाहीसा होतो. त्यांना मोकळे करणे, हेच गिअर बदलताना क्लचचे खरे काम.

वरचा गिअर टाकताना हेच काम क्विकशिफ्टर दुसऱ्या मार्गाने करतो. गिअरच्या दांड्यावर बसवलेल्या सेन्सरला पायाचा दाब कळला की इंजिनाची ठिणगी, किंवा काही गाड्यांत इंधन, साधारण ५० ते ८० मिलिसेकंद तोडले जाते. तेवढ्यात दात्यांवरचा भार उतरतो आणि गिअर पुढे सरकतो. वरच्या गिअरला इंजिनाचे फेरे कमीच लागतात. ठिणगी तुटल्यावर ते आपसूक कमी होत असतात. म्हणजे निसर्ग आणि यंत्र एकाच दिशेने चाललेले असतात. संकेत चुकीच्या वेळी मिळाला, तरी फार तर गाडी क्षणभर अडखळते.

खालच्या गिअरचे गणित याच्या नेमके उलटे आहे. चालकाने मूठ सोडलेली असते आणि गाडी वेग उतरवत असते. आता इंजिन चाकाला ओढत नसून चाकच इंजिनाला ओढत असते, त्यामुळे दाते खाचेच्या दुसऱ्या भिंतीवर दाबलेले असतात. इथे ठिणगी तोडून काहीच साधत नाही, कारण इंजिन आधीच जोर लावत नाही. शिवाय खालच्या गिअरला त्याच वेगासाठी अधिक फेरे लागतात. समजा, चौथ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत आहे आणि तिसऱ्या गिअरचे प्रमाण त्याच्या १.२ पट आहे. तर तिसरा गिअर बसताच इंजिनाला ६,००० फेऱ्यांवर जावे लागेल. हे हजार फेरे आधीच वाढवले नाहीत, तर ते मागच्या चाकाकडून ओरबाडून घेतले जातात. गाडीला हिसका बसतो, साखळी ताणली जाते आणि ओल्या रस्त्यावर मागचे चाक घसरूही शकते. ऑटो-ब्लिपर नेमक्या त्या क्षणी थ्रॉटल थोडा उघडतो. त्याने दात्यांवरचा भारही उतरतो आणि फेरेही जुळतात.

येथेच विषयाची मेख आहे. वरच्या गिअरचा संच इंजिनाची शक्ती क्षणभर काढून घेतो. खालच्या गिअरचा संच ती क्षणभर देतो, आणि तीही चालक ब्रेक दाबत असताना. ऑटो-ब्लिपर हे गिअरचे उपकरण म्हणून विकले जाते, पण खरे पाहता ते थ्रॉटलचे उपकरण आहे. आपल्या उजव्या मुठीचा अधिकार काही मिलिसेकंदांसाठी का होईना, दुसऱ्याच्या हाती सोपवण्याचा हा प्रकार आहे.

२०२१ मध्ये आलेल्या यामाहा आर१५ च्या चौथ्या आवृत्तीत कंपनीने क्विकशिफ्टर दिला, पण तो केवळ वरच्या गिअरसाठी. तिचा थ्रॉटल तारेने ओढला जातो. संगणकाला तो स्वतःहून उघडता येत नाही. ज्या गाड्यांत मूठ पिळल्यावर तार ओढली न जाता विजेचा संकेत जातो आणि लहानशी मोटर थ्रॉटल उघडते, त्या ‘राइड-बाय-वायर’ गाड्यांतच कारखान्याची दुहेरी सोय सुखाने नांदते.

बाहेरून संच बसवतानाही हाच भेद निर्णायक ठरतो. राइड-बाय-वायर गाडीत मुठीजवळचा सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये एक छोटी पेटी जोडली जाते. गिअर खाली दाबल्याचा संकेत मिळताच ती ईसीयूला ‘मूठ पिळली गेली’ असे खोटेच कळवते. हा खोटेपणा काळजीपूर्वक करावा लागतो, कारण मुठीचा सेन्सर दोन स्वतंत्र संकेत पाठवत असतो आणि दोहोंत मेळ नसल्यास ईसीयू बिघाड समजून इंजिनाची ताकद रोखून धरतो. म्हणून त्या विशिष्ट मॉडेलसाठी तयार केलेली आणि जोडणीला तार कापावी न लागणारी पेटीच विचारात घ्यावी. तारेच्या थ्रॉटलच्या गाड्यांना तार प्रत्यक्ष ओढणारी मोटर किंवा हवेच्या दाबावरचा दट्ट्या लावतात. शर्यतीच्या मैदानावर प्रत्येक फेरीनंतर गाडी तपासणारा मेकॅनिक असतो, तेथे हे ठीक आहे. नालासोपारा ते अंधेरी रोज ये-जा करणाऱ्या गाडीवर अशी मोटर अडकली आणि थ्रॉटल उघडाच राहिला, तर चालकाच्या हाती उरतो तो क्लच आणि इंजिन बंद करण्याचा लाल खटका.

तिसरा मार्ग सर्वांत कमी चर्चेचा, पण सर्वांत शहाणपणाचा आहे. काही कंपन्या आपल्याच मॉडेलसाठी सेन्सरचा संच अॅक्सेसरी म्हणून विकतात आणि ईसीयूमधील सुविधा अधिकृत सेवा केंद्रात सुरू करून देतात. आपल्या मॉडेलसाठी असे काही आहे काय, ही चौकशी गॅरेजच्या आधी तेथे करावी.

संच कोणताही असो, त्याचे डोळे म्हणजे गिअरच्या दांड्यावरचा सेन्सर. दांडा दाबला जातो की ओढला जातो, यावरून तो वर-खाली ओळखतो. त्यामुळे शर्यतीच्या धर्तीवर गिअरची दिशा उलटी करून घेतलेल्या गाडीत ती नोंद बदलली नाही, तर वरचा गिअर टाकताना रेस मिळेल. दांड्याच्या टोकांचे गोळे सैल झाले तर सेन्सरला नसलेले दाब जाणवू लागतात. बुटाचे टोक सतत गिअरवर टेकवून ठेवण्याची सवय असेल, तर ती आधी सोडावी लागेल. आणि कळंब, राजोडी, अर्नाळा या किनारपट्टीत राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको की खारा वारा लोखंडाला आणि विजेच्या जोडण्यांना काय करतो. वसई-विरारच्या पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढावी लागणे हा काही अपवाद नव्हे. गुडघाभर पाण्यातून आलेल्या गाडीचे ब्रेक आपण तपासतो. ब्लिपर बसवला असेल तर सेन्सरची जोडणीही उघडून, कोरडी करून, मगच वापरावी.

काही गैरसमजही दूर करायला हवेत. ‘माझ्या गाडीला स्लिपर क्लच आहे, मग हेही आलेच’, असे समजले जाते. स्लिपर क्लच मागच्या चाकाकडून इंजिनावर येणारा अतिरिक्त जोर घसरू देतो. तो हिसका सौम्य करतो, पण रेस देत नाही. दुसरा गैरसमज अधिक महागात पडणारा आहे. ब्लिपर चुकीच्या गिअरपासून वाचवतोच असे नाही. तिसऱ्या गिअरमध्ये ९,००० फेऱ्यांवर असताना दुसरा टाकला आणि त्याचे प्रमाण १.३ पट असेल, तर इंजिन ११,७०० फेऱ्यांवर ओढले जाईल. कमाल मर्यादा १०,५०० ची असेल तर? कारखान्याची यंत्रणा अशा वेळी रेस द्यायचेच नाकारते. बाहेरच्या पेटीत ती मर्यादा कुणीतरी भरावी लागते, आणि भरली तरी पायाने रेटलेला गिअर यांत्रिकरीत्या बसू शकतो. चाकाने फिरवलेल्या इंजिनापुढे ठिणगी तोडणारा रेव्ह लिमिटर हतबल असतो.

कायद्याचा भागही दुर्लक्षून चालणार नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडक अर्थाने लावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगीविना सुटे भाग बसवून केलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नोंदणी पुस्तकात गिअरच्या सेन्सरचा रकाना नसतो, हे खरे. पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक रकाना पाहत नाही, तार पाहतो. तेव्हा एमएच-४८ ही पाटी देणाऱ्या विरारच्या परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करून ठेवणे बरे. (जुना राष्ट्रीय महामार्ग ८ नव्या क्रमवारीत ४८ झाला आणि येथील पाटीशी जुळला, हा केवळ योगायोग.)

मग हे सारे करून मिळते काय? मनोरहून विक्रमगडमार्गे जव्हारचा घाट चढता-उतरताना, एकामागून एक वळणे येत असताना, डावा हात मोकळा राहतो आणि लक्ष ब्रेक व वळणावर ठेवता येते. हा आनंद खोटा नाही. मात्र अंबाडी रोडवर किंवा तुळींजच्या गर्दीत ताशी २० किलोमीटरने सरकताना त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. कमी फेऱ्यांवर बहुतेक संच कामच करत नाहीत, करतात तेव्हा धसमुसळेपणाने करतात; आणि सिग्नलला थांबताना व पुन्हा निघताना क्लच दाबावाच लागतो. ज्यांचा बहुतांश प्रवास शहरातच आहे, त्यांनी मनगटाने रेस देऊन क्लचसह गिअर उतरवण्याचा सराव महिनाभर करून पाहावा. अनेकांची हौस तेथेच भागते.

तरीही बसवायचेच ठरले, तर पहिले काही दिवस पेटीतील खालच्या गिअरची सोय बंद ठेवून केवळ वरच्या गिअरसाठी वापरावी. सेन्सर खोटे संकेत देत असेल तर ते या काळात, निरुपद्रवी अडखळण्याच्या रूपाने, कळून येते. त्यानंतर रेस सर्वांत कमी ठेवून मोकळ्या, कोरड्या आणि सरळ रस्त्यावर चौथ्यावरून तिसरा गिअर टाकून पाहावा. गिअर टाकताच गाडी पुढे ढकलल्यासारखी वाटली तर रेस जास्त आहे. मागे खेचल्यासारखी वाटली तर कमी. दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना मात्र क्लचच वापरावा, कारण या दोन गिअरमधील अंतर सर्वाधिक असते.