अव्यवस्थेची स्मरणशक्ती

सभागृहाच्या कोपऱ्यात अत्तराची कुपी उघडली, की थोड्याच वेळात सुवास सर्वत्र पसरतो. मग तो कोणत्या कोपऱ्यातून निघाला, हे हवेवरून ओळखता येत नाही. कणांचे समुदाय आपली आरंभीची स्थिती अशी विसरतात, आणि उष्णतेचे सारे शास्त्र या विस्मरणावर उभे आहे. समुदायाला विसरू न देणारे असे सृष्टीत काही आहे काय? त्याचे एक उत्तर मोठे विलक्षण आहे: अव्यवस्था!

इलेक्ट्रॉन हा तरंगासारखाही वागतो. अणूंची रचना नियमित असेल, तर हा तरंग स्फटिकातून दूरवर जातो. रचना विस्कळीत असेल, तर तो जागोजाग परावर्तित होतो. ही विस्कळितता पुरेशी तीव्र झाली, म्हणजे परावर्तित तरंग दूरच्या ठिकाणी परस्परांना मारक ठरतात व इलेक्ट्रॉन मूळ जागीच अडकतो. हे फिलिप अँडरसन यांनी १९५८ साली दाखविले. १९७७ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

पण हे गणित एकट्या कणाचे होते. अनेक कण एकमेकांशी ऊर्जेची देवघेव करू लागले, तर एकाची कोंडी दुसरा फोडणार नाही काय? बास्को, अलाइनर व आल्टशुलर यांनी २००६ साली असे प्रतिपादिले, की देवघेव क्षीण असेल तर कोंडी टिकू शकते. २०१५ साली म्युनिच येथे ब्लॉख यांच्या गटाने अतिशीत पोटॅशियमचे अणू लेसर किरणांच्या जाळीत, एक घर सोडून एक, असे बसविले. एरवी ही मांडणी लवकरच पुसली जाई. परंतु पहिलीशी मेळ न बसणारी दुसरी जाळी पुरेशा जोराने वर टाकताच मांडणीची खूण टिकून राहिली.

मात्र येथे आम्ही एक सावधगिरीचा शब्द सांगू इच्छितो. ही खूण कायमची, की केवळ फार सावकाश पुसली जाणारी? पदार्थात कोठे तरी कमी अव्यवस्थेचा एखादा लहानसा भाग असतोच. तो शेजारच्या कणांना मोकळे करतो, ते आणखी शेजाऱ्यांना, असा लोंढा वाढत जाऊ शकतो, असा आक्षेप २०१७ साली पुढे आला. प्रयोगाला काळाची मर्यादा असते. ‘कायम’ हा शब्द तिच्यापलीकडचा आहे. म्हणून हा वाद आजही मिटलेला नाही. समुदाय अखेर सारे विसरतो, हे आपण गृहीत धरीत आलो. ते आता सिद्ध करून दाखवावे लागत आहे, हेच या संशोधनाचे मोल होय.